सत्तेचाळीस नंबरचं दूध

पायलला शुद्ध आली तेव्हा तिची मुलगी दोन दिवसांची झाली होती. सातव्या महिन्यातच पायलचा रक्तदाब चढला, झटके आले, करमाळ्याच्या डॉक्टरांनी ‘इथं थांबू नका’ म्हणून सांगितलं आणि अँब्युलन्सनं तिला सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलं. पोट उघडून मुलगी बाहेर काढली. वजन अकराशे ग्रॅम. पायलच्याही आधी मुलीला पाहिलं ते तिच्या सासूनं, बजाबाईनं. भेटायला येईल त्याला ती हात पुढं करून दाखवायची, "एवडी. माज्या पंजाएवडी. पन नाक बगा, नाक आमच्या मालकाचं हाय."

उजनीच्या पाण्याकाठी चिंचडोह नावाच्या गावात त्यांची केळीची बाग होती. सासरा धोंडीराम बागेतून बाहेर पडायचा नाही, नवरा पृथ्वीराज मोटारी आणि केळीच्या गाड्या बघायचा, आणि उरलेलं सगळं जग बजाबाईच्या ताब्यात होतं. पायलची याआधीची दोन बाळं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा बजाबाईनं तिला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. सव्वा महिना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. कमलाभवानीच्या देवळात अनवाणी खेटे घातले तेही तिनंच. हे आधी सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई मुळातच कडू होती. तशी ती नव्हती.

मुलगी काचेच्या पेटीत होती. तोंडातून पोटात सोडलेली बारीक नळी आणि त्या नळीतून दर दोन तासांनी दोन मिलिलिटर दूध. ते दूध पायलचं नव्हतं. तिला दूध येतच नव्हतं.

नवजात कक्षाला लागूनच दुधाच्या बँकेची खोली होती. दारावर ‘मातृदुग्ध पेढी’ असं लिहिलं होतं, पण तसं कुणी म्हणायचं नाही. ज्यांना दूध जास्त यायचं त्या बाया तिथं मशीन लावून काढून देत. त्यांचं रक्त आधी तपासलेलं असे. मग ते दूध तापवून, तपासून, गोठवून ठेवत आणि ज्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांना देत. बाटलीवर नाव नसायचं, फक्त तारीख आणि नंबर. हा सगळा कारभार गड्डम सिस्टर बघायच्या. सोलापुरातच वाढलेल्या, घरी तेलुगू आणि वॉर्डात खणखणीत मराठी.

"रोज आठ वेळा यायचं," त्यांनी पायलला पहिल्याच दिवशी बजावलं. "थेंब आला तर थेंब. मशीन लागलं की अंगाला कळतं, आपलं बाळ आहे म्हणून."

पायल टाके सांभाळत खुर्चीत बसली आणि बाटलीकडं बघत राहिली. अर्ध्या तासात बाटलीचा तळसुद्धा ओला झाला नाही. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं.

"अगे, बाटलीकडं बघू नको," शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली. "बघितलं की येत नाही ते. माझ्याकडं बघ. मी तुला माझ्या नवऱ्याच्या गोष्टी सांगते."

ही शबाना. तिचा नवरा एजाज टेम्पो चालवायचा, ती स्वतः घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. चार वर्षांचा गौस घरी होता आणि आठव्या महिन्यात झालेली इफ्रा दोन पेट्या पलीकडं. इफ्राच्या हृदयाला भोक होतं. हे सांगतानासुद्धा शबाना मध्येच नवऱ्याची नक्कल करायची, टेम्पो चिखलात रुतला की तो टेम्पोशीच कसा भांडतो ते करून दाखवायची. टाके दुखतात म्हणून पायल तोंडावर पदर दाबून हसायची. शबानाची बाटली गप्पा मारता मारता भरून जायची. तिसऱ्या दिवशी पायलच्या बाटलीत पाच-सहा थेंब पडले तर शबानानंच सिस्टरना हाक मारली, "बघा, बघा, आमच्या विहिरीला पाणी लागलं!"

बजाबाईलाही ती आवडली. कॉरिडॉरमध्ये दोघी शेजारी बसायच्या. शबानाच्या घरून चहाचा थर्मास यायचा, त्यातला अर्धा कप बजाबाईचा असायचा. "पोरगी लई बोलकी हाय," बजाबाई म्हणायची. "पन मनानं सादी."

इफ्रा नवव्या दिवशी गेली. सकाळी डॉक्टरांनी शबानाला आत बोलावलं आणि ती बाहेर आली ती भिंतीला धरत. एजाज यायला तासभर लागणार होता. त्या तासभर बजाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, बाई, रड. आत ठिवू नको काय. मी बी माजी दोन पुरल्यात."

चौथ्या दिवशी शबाना परत आली. पायलला वाटलं काही कागद न्यायचे राहिले असतील. शबाना सरळ खोलीत आली, हात धुतले, खुर्चीत बसली आणि मशीन लावलं. मग म्हणाली, "थांबतच नाही गे. दोन दिवस मोरीत पिळलं. तिसऱ्या दिवशी हात धजेना. मोरीत कसं टाकायचं?"

त्यानंतर ती रोज रिक्षानं येऊ लागली. दिवाळीचे दिवस होते, दूध देणाऱ्या बाया घरोघर अडकलेल्या. बँकेचं फ्रीजर रिकामं होत चाललं होतं. त्याच आठवड्यात पायलनं मुलीच्या पेटीवरचा तक्ता वाचला. दर दोन तासांची वेळ, दुधाचं माप आणि पुढं बाटलीचा नंबर. सगळीकडं सत्तेचाळीस. शबानाच्या बाटल्यांवरचा नंबर ती रोज शेजारी बसून बघत होती.

सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही नाव सांगत नसतो. नियम आहे." आणि ट्रे घेऊन निघून गेल्या.

पायलनं शबानाला सांगितलं. शबाना उठली. ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. मुलगी झोपेत ओठ हलवत होती. शबाना बराच वेळ तिथून हलली नाही. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण गेल्या आठवड्यापेक्षा बरा दिसत होता.

"आमच्यात दूध पाजलं की नातं लागतं," ती म्हणाली. "माझा गौस तुझ्या पोरीचा दूधभाऊ झाला. सख्ख्यासारखा. उद्या दोघांचं लग्न बी चालत नाही."

"तसं बी कोन लावून देणार हाय?" पायल म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"हसू नको गे. माझे सासरे, राजेसाब, लई जुने माणूस. ते म्हणतात, द्यायचं तर दे, पुण्याचं काम आहे, पण कुणाला दिलं ते माहीत पाहिजे. माहीतच नाही ते नातं पाळायचं कसं? मला बाकीच्यांचं काही कळणार नाही. एकीचं तरी कळलं. नाव ठेवलंस की मला सांग. नाव अन् गाव. बस."

पायल हो म्हणाली. तिनं मनापासून हो म्हटलं होतं.

चूक झाली ती शबानाच्या भाबडेपणानं. दुसऱ्या दिवशी तिनं थर्मासमधला चहा ओतता ओतता बजाबाईला सांगितलं, "मावशी, तुमची नात आता माझी बी पोरगी झाली."

बजाबाईला आधी काही समजलंच नाही. बँकेतलं दूध म्हणजे सरकारकडून पुड्यातून येणारं काहीतरी, अशी तिची समजूत होती. कळलं तेव्हा तिनं कप खाली ठेवला. उठून आत आली आणि पायलला म्हणाली, "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

"आत्या, डॉक्टर म्हणत्यात की..."

"जिच्या दुधानं तिचं सोताचं लेकरू तगलं न्हाय, ते आपल्या लेकराच्या पोटात घालतीस?"

"इफ्राच्या हृदयाला भोक हुतं."

"मला शिकवू नको. घरी गेल्याव लोकांना काय सांगायचं? भावकीला काय सांगायचं?"

इफ्राबद्दल भावकीला काही सांगायचं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. सांगायचं होतं ते दुसरंच आणि ते बजाबाई तोंडातून काढत नव्हती. ज्या बाईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं, तिच्या हातचा चहा चालत होता. दूध चालत नव्हतं.

डॉक्टरांनी बजाबाईला अर्धा तास समजावलं. सातव्या महिन्याच्या बाळाचं आतडं कच्चं असतं, पावडरचं दूध त्याला झेपत नाही, दूध तपासलेलं आहे, उकळत्याच्या खालच्या आचेवर तापवलेलं आहे. बजाबाई म्हणाली, पावडर द्या, न्हायतर आमी लेकरू घरी नेतो. शेवटी डॉक्टर पायलकडं वळले. "सही आईची लागते. तुम्ही सांगा."

पृथ्वीराजला फोन लावला. तो बागेत होता, पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. "आई म्हनती तसं कर," तो म्हणाला. "मी तितं नसताना भांडान नको."

कागदावर छापलं होतं, दात्या मातेचं दूध देण्यास माझी हरकत आहे, परिणामांची जबाबदारी माझी. पायलनं सही केली. गड्डम सिस्टरनी कागद घेतला आणि तिच्याकडं न बघता फाइलला लावला.

त्या दिवशी दुपारी शबाना आली तेव्हा बजाबाई दारातच उभी होती. "आमच्या लेकरावर तुजी सावली नगं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पायल आतल्या खुर्चीत बसून ऐकत होती. शबाना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

दीड दिवस पावडर दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचं पोट फुगलं, ताणून चकचकीत झालं. नळीतून हिरवं पाणी परत आलं. दूध बंद करून सलाईन लावलं. डॉक्टर दर तासाला येऊन पोटाला हात लावून जात होते. बजाबाई कॉरिडॉरमध्ये देवीचं नाव घेत बसली होती. नातीला काही झालं असतं तर ती त्याच फरशीवर डोकं आपटून मेली असती, यात शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी पोट उतरलं. आता पुन्हा दूध सुरू करायचं होतं. बजाबाई जेवायला खाली गेली तेव्हा पायल गड्डम सिस्टरांच्या टेबलापाशी गेली.

"तेच द्या. सत्तेचाळीस नंबरचं. पन आत्यांना कळू देऊ नका."

"चोरून देणार नाही मी," सिस्टर म्हणाल्या. "नवी सही कर. तू आई आहेस. तू सही केलीस की मी दुसऱ्या कुणाला उत्तर द्यायला बांधलेली नाही."

पायलनं दुसरी सही केली. पहिलीपेक्षा ही जास्त घाईनं, जिन्याकडं बघत.

पुढचे चोवीस दिवस मुलगी शबानाच्या दुधावर वाढली. अकराशेची तेराशे, पंधराशे, अठराशे झाली. बजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पावडरीनं बगा कसं बाळसं धरलं. मी म्हनलंच हुतं." पायल ऐकून घ्यायची. खोलीत जायची वेळ तिनं सिस्टरांना सांगून बदलून घेतली, म्हणजे शबानाशी गाठ पडू नये. आपण सही केली होती, आपण दारात बोललो नव्हतो, आता कुठल्या तोंडानं सांगायचं की तुझंच दूध चाललंय? शबानाला काहीच माहीत नव्हतं. आपलं दूध त्या घराला नको झालंय एवढंच तिला ठाऊक होतं आणि तरीही ती रोज येऊन बाटल्या भरून जात होती.

सुट्टी मिळाली त्या दिवशी पृथ्वीराज गाडी घेऊन आला. हॉस्पिटलच्या फाटकाशी शबाना उभी होती. कुणी सांगितलं कोण जाणे. बजाबाई पुढच्या सीटवर बसली होती, काच खाली होती. पायल मुलीला दुपट्यात गुंडाळून मागं चढत होती.

"पायल," शबाना दोन पावलं लांबूनच म्हणाली, "जगली गे पोरगी. सावली नको म्हणाल्या, काचेपाशी नाही गेले. फक्त नाव सांग. अन् गाव."

बजाबाई समोर बघत होती. मान वळवत नव्हती, पण ऐकत होती.

"नाव न्हाय ठेवलं अजून," पायल म्हणाली.

"अन् गाव?"

"मोहोळ."

गाडी निघाली. हायवे लागला. मग बजाबाई म्हणाली, "बरं केलंस." पृथ्वीराजकडं तरी बघावं असं पायलला वाटलं. तिनं मुलीच्या तोंडावरचं दुपटं सारखं केलं आणि तशीच बसून राहिली.

मुलीचं नाव कमलजा ठेवलं. बारशाला गाव जेवलं. कमलजा रांगू लागली, बजाबाईच्या काष्ट्याला धरून उभी राहू लागली. आजीला नातीचा इतका लळा की ती जवळ नसली तर बजाबाईला घास जायचा नाही. पायललाही पुढं दूध आलं होतं, थोडं थोडं. हॉस्पिटलचे दिवस हळूहळू मागं पडत होते. पहिला वाढदिवस आला तसा पृथ्वीराजनं मंडप सांगितला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला होता आणि एका हातानं फोन बघत होता. "हे बग," तो म्हणाला, "मोहोळात पोरं पळवणारी बाई धरली."

व्हिडिओ मोहोळच्या बाजारातला होता. पंधरा-वीस माणसं, मध्ये बुरख्यातली एक बाई. कुणीतरी तिचा बुरखा डोक्यावरून ओढलेला, कपाळातून रक्त. तिच्या हातात गुलाबी फ्रॉक होता, पुठ्ठ्यावर टाचण्या लावलेला, नवा. "कुणाच्या पोरीसाठी हाय हे? बोल!" एक माणूस ओरडत होता. बाई म्हणत होती, "पायल नावाची बाई आहे, हितलीच आहे. तिची पोरगी सातव्या महिन्याची. मी दूध पाजलंय तिला." त्यावर माणसं हसली. एकानं दुधावरून एक घाणेरडा शब्द उच्चारला, मग आणखी हसली. "सिस्टरना विचारा," बाई म्हणत होती, "सत्तेचाळीस नंबर..." तिथं व्हिडिओ संपत होता.

बजाबाईनं पृथ्वीराजच्या खांद्यावरून बघितलं. तिनं ओळखलं. "बघ," ती पायलला म्हणाली, "हितं आली असती तर?"

पायल मागच्या दारानं बाहेर पडली. केळीच्या बागेत मोटरच्या शेडपर्यंत चालत गेली आणि गड्डम सिस्टरना फोन लावला. सिस्टर फोन घेऊन बाजूला गेल्या. मग म्हणाल्या, "पोलिसांनी आम्हाला फोन केला म्हणून सुटली. आम्ही सांगितलं, ही दूध देणारी बाई आहे, आठ महिने दिलंय तिनं. कपाळाला चार टाके पडलेत. मोहोळला ती तिसऱ्यांदा गेली होती म्हणे. तुझं गाव मोहोळ आहे का ग?"

"न्हाय," पायल म्हणाली.

"माहीत आहे मला. फाइल माझ्याकडंच असते," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वाढदिवस झाला. मंडपात केक कापला. चार दिवसांनी कमलजाचे डोळे आणि कान तपासायला सोलापूरला जायचं होतं. पायलनं सासूला म्हटलं, तुमी राहा, आमी दोघं जाऊन येतो. आणि गाडीत, टेंभुर्णी मागं पडल्यावर, तिनं पृथ्वीराजला सगळं सांगितलं. दुसरी सही, चोवीस दिवस, मोहोळ. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"आईला सांगू नको," तो म्हणाला. "झालं गेलं. आपण त्यांना केळी पाठवू, साडी-बिडी घेऊ."

"मला तिच्या घरी जायचं हाय."

पत्ता सिस्टरांकडून मिळाला नाही. नियम होता. पण टॉवेलच्या कडा शिवणारी शबाना, टेम्पोवाल्या एजाजची बायको, म्हटल्यावर त्या भागातल्या तिसऱ्या दुकानदारानं गल्ली दाखवली. "व्हिडिओतली का?" त्यानं विचारलं.

दार राजेसाबनी उघडलं. पांढरी दाढी, हातात जपमाळ. पायलनं नाव सांगितलं तसे ते बाजूला झाले. "या," म्हणाले. सुनेला हाक मारली आणि स्वतः कोपऱ्यातल्या खाटेवर बसले. शबाना आतून आली. कपाळावर टाक्यांची ओळ अजून काळी होती. ती पायलकडं बघेना. मुलीकडं बघत होती.

"दे," ती म्हणाली.

पायलनं कमलजाला तिच्या हातात दिलं. परक्याकडं न जाणारी मुलगी तिथंही रडलीच. शबानानं तिला खांद्याला लावून थोपटलं, पण ती थांबेना.

"नाव काय?"

"कमलजा."

"अब्बा, कमलजा," शबाना सासऱ्यांना म्हणाली. राजेसाबनी मान हलवली.

"शबाना, माजं चुकलं," पायल म्हणाली. "दूध मी बंद नव्हतं केलं. परत सही केली हुती. ती तुज्याच दुधानं..."

"तेव्हा का नाही सांगितलंस? मी रोज तिथंच होते. वीस पावलांवर." शबानाचा आवाज सपाट होता. "गल्लीतल्या चार बायांना मी नादाला लावलं होतं, चला, दूध द्या म्हणून. देत होत्या. आता त्यांचे नवरे म्हणतात, बघा, दूध दिलं की काय होतं. एजाज मला दाराबाहेर जाऊ देत नाही. सिस्टर परवा येऊन गेल्या, फ्रीजर रिकामं आहे म्हणत होत्या. मी काय सांगू त्यांना?"

"मी काय करू ते सांग. पाया पडते."

"पाया नक्को. त्या व्हिडिओत मी बोलले ते खरं होतं, एवढं तुझ्या तोंडानं बोल. फोनमध्ये बोल. ते जिथं जिथं गेलं तिथं हे बी जाऊ दे."

पृथ्वीराज दाराशी उभा होता. "घरी विचारून, मग बघू," तो म्हणाला. पायलनं त्याच्यापुढं फोन धरला, रेकॉर्ड कर म्हणून. त्यानं हात पुढं केला नाही. बूट घालून तो गाडीकडं निघून गेला. मग शबानानं रडणारी मुलगी पायलच्या कडेवर दिली आणि फोन स्वतःच धरला.

पायल बोलली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, चिंचडोह. ही माझी मुलगी, ती शबानाच्या दुधावर जगली, मी तिला खोटं गाव सांगितलं म्हणून ती मोहोळात फिरत होती. मध्ये कमलजाचं रडणं, त्यामुळं अर्धे शब्द नीट ऐकूच येत नव्हते. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ झाला.

शबानानं तो एजाजच्या फोनवर पाठवला, सिस्टरांना पाठवला आणि फोन परत दिला. "आता जा," ती म्हणाली. "पोरगी बरी आहे, बघितलं. परत येऊ नको."

राजेसाब मात्र दारापर्यंत आले. त्यांनी कमलजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं. पायलशी ते बोलले नाहीत.

मोहोळचा व्हिडिओ पायलच्या फोनवर अकरा ग्रुपमधून आला होता. हा एकाही ग्रुपमधून परत आला नाही. सिस्टरनी आपल्या ओळखीत सगळीकडं पाठवला. कुणी बघून सोडून दिला, कुणी खाली लिहिलं की ह्या बाईला दमदाटी करून बोलायला लावलंय, बघा लेकरू कसं रडतंय. मोहोळात तो पोचला की नाही ते कळलंच नाही. चिंचडोहात मात्र दोन दिवसांत पोचला. धरणावर मासे घ्यायला येणाऱ्या सिदूनं तो धोंडीरामला दाखवला, धोंडीरामनं घरी आणला.

बजाबाईनं तो ओसरीवर बसून तीनदा बघितला. ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "पावडर किती दिस दिली हुती?"

"दीड दिवस," पायल म्हणाली.

"आन मी साऱ्या गावाला सांगत सुटले." ती उठली, आत जाऊन पडली. त्या दिवसापासून ती पायलच्या हातचं जेवली नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापायची. भावकीतल्या दोन घरांनी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. पृथ्वीराज दोघींच्या मधून मान खाली घालून ये-जा करायचा.

नातीला मात्र तिला दूर करता आलं नाही. दोन दिवस तिनं प्रयत्न केला. कमलजा रांगत यायची आणि ती तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी मुलीनं तिच्या लुगड्याला धरून उभं राहून दोन्ही हात वर केले. बजाबाईनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि पिकलं केळ सोलून बोटानं भरवायला लागली. पायल समोर भाजी चिरत बसली होती.

"तुजी आई लबाड हाय," बजाबाई नातीला म्हणाली, पायलला ऐकू जाईल अशी. "तितं बी लबाड, हितं बी लबाड."

कमलजा तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. पायलनं विळीवरून मान वर केली नाही. यातला कुठला शब्द खोडून काढावा, हे तिला सुचत नव्हतं.